मामाजींचं ताट कुठे मांडायचं?

पत्राचा गोषवारा: नागपूरहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. वय 46. घरात नवरा, मुलगी, शाळकरी मुलगा आणि 73 वर्षांचे सासरे, म्हणजे ताईंचे मामाजी. सासऱ्यांना चार वर्षांपूर्वी पार्किन्सन्सचं, म्हणजे कंपवाताचं, निदान झालं. उजवा हात थरथरतो, हालचाली मंदावल्या आहेत, घास तोंडापर्यंत जाईस्तोवर निम्मा सांडतो, कधी लाळ गळते. गेल्या दिवाळीत पाहुण्यांसमोर वरणाची वाटी कलंडली, तेव्हापासून ते ताट आपल्या खोलीत मागतात. आता एप्रिलच्या अखेरीस नातीचं, म्हणजे ताईंच्या मुलीचं लग्न आहे. वर्धा रोडवरचं लॉन, संध्याकाळचा मुहूर्त. नवरा म्हणतो, लॉनवरच्या एखाद्या खोलीत बाबांचं ताट गुपचूप वाढून देऊ. नणंद म्हणते, लपवायचं काय त्यात, व्याह्यांसोबत मुख्य टेबलावर बसवा. सासरे म्हणतात, "मी घरीच थांबतो." ताई विचारतात, बरोबर कोणाचं? आणि शेवटी लिहितात की सासरे खोलीत जेवू लागल्यापासून आपल्याला सुटल्यासारखं वाटतं, आणि असं वाटण्याची लाजही वाटते.

ताई,

तुमच्या चार पानी पत्रात नवऱ्याचं म्हणणं पाऊण पान आहे, नणंदेचं त्याहून जरा जास्त, आणि मामाजींचे तीन शब्द. "मी घरीच थांबतो." ज्यांच्या ताटावरून हे सगळं चाललं आहे, त्यांना कुणी "का हो?" असं विचारल्याचं मला पत्रात कुठे सापडलं नाही. विचारलं असेल आणि लिहायचं राहिलं असेल, तर माफ करा.

तुम्ही मला दोघांपैकी एक निवडायला सांगितलं. मी निवडणार नाही, कारण भाऊबहिणीचं भांडण दिसतं तेवढं मोठं नाही. दोघांनीही धरून चाललं आहे की बाबांना सांडण्याची लाज वाटते. एकाला ती लाज झाकायची आहे, दुसरीला ती मोडायची आहे. सांडण्याची लाज असेलही. पण तुम्हीच दुसऱ्या पानावर जाता जाता लिहिलंय की नागपूरच्या महाल भागातल्या वाड्यात असताना गल्लीतल्या प्रत्येक लग्नात मामाजी कमरेला पंचा गुंडाळून वाढायला उभे असायचे, आणि "त्यांच्या हातची जिलबी नाही म्हणायची कुणाची टाप नव्हती". मी त्या ओळीपाशी थांबले. ज्या माणसाने अख्ख्या पंगती उठवल्या, उजव्या हाताने वरण धारेला धार लावून वाढलं, त्याचा नेमका तोच हात गेला आहे. आयुष्यभर आग्रह करणारा माणूस आता इतरांच्या आग्रहाचा, आणि त्याहून वाईट म्हणजे इतरांच्या कीवेचा विषय झाला आहे. वरण सांडल्याचं दुःख त्यामानाने लहान असेल. अर्थात हा माझा अंदाज. खरं काय ते मामाजीच सांगतील, म्हणून त्यांना विचारा. चारचौघांत नको. दुपारी, गोळी लागू असते त्या वेळात, आणि तुमच्या नवऱ्यापेक्षा ज्या नातीचं लग्न आहे तिने विचारलं तर जास्त बरं.

आता तुमच्या नवऱ्याच्या खोलीबद्दल. हेतू चांगला आहे, मला शंका नाही. मीही एकदा असाच चांगला हेतू ठेवला होता. माझी आत्या इतवारीत आमच्याकडे राहायची. अर्धांगवायूनंतर तिला आम्ही आतल्या खोलीत, तिच्या सोयीचं म्हणून, वेगळं ताट, वेगळी वाटी, खाली प्लॅस्टिक अंथरून वाढायला लागलो. आठवडाभराने ती म्हणाली, "काहून गं, मी आता या वयात पुन्हा कावळा शिवलेली झाले का?" आम्ही हसलो. नंतर मला ते हसणं पुरतं नडलं. तिच्या तरुणपणी महिन्याचे चार दिवस तिचं ताट असंच वेगळं असायचं. ताट वेगळं मांडणं म्हणजे काय, हे तिच्या पिढीच्या बाईला आपण समजावून सांगायची गरज नव्हती.

आपल्या भाषेत तर हे खोलवर रुतून बसलं आहे. जो पंगतीला चालत नाही तो अपांक्तेय. पुढे हा शब्द कसल्याही नकोशा माणसाला लागू झाला, पण मुळात तो ताटाचाच आहे. एकाच पंगतीत एकाला तूप जास्त, एकाला कमी, असं करणं म्हणजे पंक्तिप्रपंच, आणि ते पाप मानलं जायचं. जातीतून काढलेल्याशी रोटीव्यवहार बंद. मराठी माणसाला वेगळं ताट म्हणजे शिक्षा, हे असं शेकडो वर्षांनी शिकवलं आहे. त्यामुळे खोलीत ताट ठेवताना तुम्ही "तुमच्या सोयीसाठी" म्हणालात, तरी मामाजींच्या कानावर काय पडेल ते सांगता येत नाही.

पण नणंदबाईंनाही इतक्यात जिंकू देऊ नका. लपवायचं काय, हे म्हणायला सोपं आहे, कारण वाटी त्यांच्या हातातून कलंडत नाही. दुसऱ्याच्या ताटाकडे बघायची आपल्याला जुनी सवय आहे. 1890 साली पुण्यात ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या पंचहौद मिशनमध्ये मंडळी व्याख्यानाला म्हणून जमली, तिथे चहा आला. कुणी प्यायला, कुणी नुसता कप हातात घेतला. मग हजर असलेल्यांची नावं छापून आली आणि त्या एका कपावरून प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. न्यायमूर्ती रानडे आणि टिळक यांच्यासारख्यांनाही त्याचा ताप झाला, प्रायश्चित्ताची वेळ आली. आता चहावरून कुणी प्रायश्चित्त मागत नाही, पण व्याह्यांच्या टेबलावर, व्हिडिओवाल्याच्या दिव्याखाली, कोण काय खातो आणि कसं खातो हे टिपणारे डोळे तेच आहेत. तिथे माणसाला बसवायचं तर त्याच्या मर्जीने. "लाजायचं नाही" अशी सक्ती करणं हाही एक प्रकारचा आग्रहच.

मला जुन्या पंगतींचा पुळका नाही, हेही सांगून टाकते. कोण कुठल्या ओळीत, कोण अंगणात, कोण उष्टं उचलणार, हे सगळं त्या पंगतींनी ठरवलेलं असायचं. पण आपल्याच विदर्भाच्या मातीत दुसरी गोष्टही आहे. तेराव्या शतकात रिद्धपूरला गोविंदप्रभू राहायचे, महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींचे गुरू. म्हाइंभटांनी त्यांच्या लीळा लिहून ठेवल्या. वागणं वेड्यासारखं, कुणाच्याही घरात शिरायचं, हवं ते खायचं, जात पाहायची नाही, रीत पाहायची नाही. त्या काळच्या लोकांनाही ते विचित्र वाटलंच असेल. तरी ते लोक म्हणायचे, "राऊळ माय, राऊळ बाप." राऊळ म्हणजे गोविंदप्रभूच. महानुभावांच्या जुन्या गद्यात स्वामींच्या जेवणाला आरोगणा म्हणतात, आणि ती कुठे झाली, काय झालं, हे बारकाईने लिहिलेलं असतं. मराठीतलं इतकं जुनं गद्य लिहिणाऱ्यांना एका माणसाचं जेवण नोंदवण्यासारखं वाटलं, यात मला तरी मोठा दिलासा वाटतो. रीतीने न जेवणारा माणूस आदराचा असू शकतो, हे आपल्याकडे सातशे वर्षांपूर्वी कुणीतरी लिहून ठेवलं आहे.

बरं, आता आजाराकडे येऊ. तुमच्या घरी यावर मोकळं बोलणं झालेलं नाही असं दिसतं. धाकट्याने "आजोबा गचाळ खातात" म्हटलं आणि त्याला धपाटा मिळाला, असं तुम्ही लिहिलंय. धपाट्याऐवजी त्याला कारण सांगा. मेंदूच्या आतल्या भागातल्या काही पेशी डोपामिन नावाचं रसायन बनवतात. त्या पेशी कमी होत जातात, म्हणून हुकूम हातापर्यंत उशिरा नि अर्धवट पोचतो. नऊ-दहा वर्षांच्या पोराला हे समजतं. विज्ञानाच्या पुस्तकात याहून अवघड असतं.

लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी 1817 साली या आजारावर छोटंसं पुस्तक लिहिलं. त्यात सहाच रुग्ण आहेत, त्यातले काही तर त्यांनी रस्त्यातच पाहिलेले. आणि त्या पुस्तकात जेवणाचं वर्णन आहे. काट्याने घास नीट उचलला जात नाही, उचललाच तर मोठ्या कष्टाने तोंडापर्यंत जातो. पुढे घास तोंडात धरणं, चावणं, गिळणं सगळंच जड होतं. म्हणजे तुमच्या डायनिंग टेबलावर जे घडतंय ते दोनशे वर्षांपूर्वीच्या डॉक्टरला आजाराचा भाग म्हणून दिसलं होतं. ती बेफिकिरी नाही आणि म्हातारपणचा हट्टही नाही. लाळेचंही तसंच. ती जास्त तयार होत नाही, नकळत गिळली जायची ती गिळली जात नाही. तुम्ही लिहिलंत की मामाजी हल्ली प्रत्येक भाजीवर तिखट मागतात, "तुझ्या हाताला चव राहिली नाही" म्हणतात. ते मनावर घेऊ नका. या आजारात वास येणं कमी होतं, अनेकदा हात थरथरायच्या कितीतरी आधीपासून, आणि वास गेला की चव गेलीच.

आता ते वाचा ज्यावरून मला खरी काळजी वाटली. "पाणी पिताना ठसका लागतो, पण ते नेहमीचंच" असं तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. ते नेहमीचं समजू नका. गिळण्यात दोष आला की अन्नपाण्याचा अंश श्वासनलिकेत जातो आणि त्यातून न्यूमोनिया होतो. पार्किन्सन्सच्या रुग्णांना सर्वांत मोठा धोका यातूनच असतो. आणि काहींना ठसकाही लागत नाही, गुपचूप जातं. जेवताना नाहीतर जेवल्यावर आवाज ओलसर, घरघरल्यासारखा होणं, घास गालात साठून राहणं, वारंवार ताप-खोकला, वजन उतरणं, यातलं काही असेल तर लग्नाआधीच न्यूरॉलॉजिस्टना सांगा आणि गिळण्याची तपासणी मागून घ्या. हे काम स्पीच थेरपिस्ट करतात. नाव वाचा-उपचाराचं असलं तरी गिळणं त्यांच्याच अखत्यारीत येतं, हे पुष्कळ घरांना माहीत नसतं. मोठ्या रुग्णालयांत ते असतात. विचारलं तरच कळतं. पाणी दाट करून द्यायचं का, हनुवटी किती खाली ठेवायची, हे ज्याच्या त्याच्या दोषावर ठरतं, शेजारच्या काकांना सांगितलेलं मामाजींना लावू नका.

तोवर एवढं करता येईल. ताठ बसवून जेवू द्या, पलंगावर रेलून नको. जेवल्यावर अर्धा तास आडवं होऊ देऊ नका. लहान घास, एक गिळला की दुसरा. घास तोंडात असताना प्रश्न विचारू नका. आपल्याकडे तर भरल्या तोंडाच्या माणसालाच सगळ्यांना बोलतं करायचं असतं. पातळ आणि घट्ट एकत्र असलेलं सगळ्यांत अवघड जातं, म्हणजे आपले लाडके तर्री-पोहे. पातळ रस्सा आधी पळतो, चणे नि पोहे मागे राहतात. ज्यांना गिळायला त्रास आहे त्यांना चिवडा, शेव, कोरडी भाकरी, फुटाणे हेही त्रासाचं. त्यापेक्षा घट्ट वरण कालवलेला मऊ भात, पिठलं, ज्वारीच्या मऊ कण्या, शिरा, श्रीखंड. यात कुठे आजारपणाचं जेवण दिसतं? अर्धं ताट तर सणाचं आहे.

सांडण्यासाठी काही साधे उपाय आहेत. ताटाऐवजी उभ्या काठाची खोलगट ताटली, खाली ओलं फडकं, म्हणजे ती सरकत नाही. कोपर टेबलावर टेकवू द्या. जाड मुठीचा, जरा जड चमचा काहींना सोपा जातो, काहींना नाही. विकत आणायच्या आधी घरातल्या चमच्याला फडकं गुंडाळून बघा. पेला अर्धाच भरा. आणि हाताने जेवणं ही आपली फार मोठी सोय आहे, ती काटे-चमच्यांच्या हौशीत घालवू नका. ज्या हातात चमचा ठरत नाही त्या हाताची बोटं कालवलेला भात बरेचदा नीट गोळा करतात.

गोळ्यांचं गणित तुमचं तुम्हाला अर्धं कळलेलं दिसतंय, राहिलेलं अर्धं सांगते. लेव्होडोपाची, म्हणजे पार्किन्सन्सवरच्या नेहमीच्या औषधाची, गोळी लागू असते त्या वेळाला डॉक्टर ‘ऑन’ म्हणतात, उतरली की ‘ऑफ’. ऑफमध्ये जेवायला बसवलं तर सांडणारच. गोळी जेवणाच्या साधारण अर्धा ते पाऊण तास आधी घेतली तर बऱ्याच जणांना तिचा गुण नीट येतो, कारण डाळ, पनीर, दूध, मटण यांतली प्रथिनं तिच्या शोषणाच्या आणि मेंदूत शिरण्याच्या वाटेवर तिच्याशी झटापट करतात. म्हणून प्रथिनं बंद करायची नाहीत, अशाने माणूस खंगतो. वेळा कशा बसवायच्या ते डॉक्टरांना विचारा. लग्नाच्या दिवशी मात्र एक लक्षात ठेवा. मुहूर्त पुढे जाईल, वरात अर्धा तास नाचेल, गोळीची वेळ पुढे जाणार नाही. गोळ्या कुणाच्या तरी खिशात हव्यात, पर्समध्ये ठेवून पर्स खोलीत कुलूपबंद, असं नको. आणि लग्नघरात कुणीतरी ओकारी-मळमळीची गोळी घेऊन हजर असतंच. मेटोक्लोप्रमाइड असलेली गोळी पार्किन्सन्सच्या रुग्णाला देऊ नये, त्रास वाढतो. हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

कवचबीजाचं, म्हणजे खाजकुहिलीच्या बियांचं, चूर्ण मामाजींना देऊ का, असंही तुम्ही विचारलंय. कुणीतरी कंपवातावर रामबाण म्हणून सांगितलं असणार. त्या बियांत लेव्होडोपा असतं हे खरं. पण म्हणूनच गोळीवर चूर्ण म्हणजे मोजमाप नसलेला वरचा डोस. वैद्य आणि न्यूरॉलॉजिस्ट दोघांना एकमेकांची औषधं माहीत असल्याशिवाय नको.

एक राहिलं. दिवाळीपासून खोलीत बसणं, लग्नाला येत नाही म्हणणं, हे सगळं लाजेच्या खात्यावर टाकू नका. उदासी हा या आजाराचाच एक भाग असतो आणि तिच्यावर उपचार होतात. पुढच्या भेटीत डॉक्टरांना हेही सांगा.

आता लग्न. पत्रिकेवर ‘स्वरुची भोजन’ छापून झालंच असेल. मला या शब्दाचा जरा राग आहे. आपली रुची आपण ओळखून घ्यायला माणसाला उभ्याने एका हातात जड प्लेट, दुसऱ्या हातात घास, काखेत पाण्याची बाटली आणि गर्दीत धक्का न खाण्याचं कसब लागतं. मामाजींना ते जमणार नाही. पण ते एकट्या मामाजींना जमणार नाही असं थोडंच आहे? गुडघे गेलेल्या मावशी, कडेवर बाळ असलेली पुतणी, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले काका, कवळी बसवलेले सगळे. मला वाटतं तुमच्या नवऱ्याच्या खोलीची आणि नणंदेच्या मुख्य टेबलाची गाठ इथे पडू शकते. कॅटररला आत्ताच सांगा, गर्दी व्हायच्या आधी, साडेसातला, एका बाजूला पंधरा-वीस ज्येष्ठांची बसून पंगत हवी, वाढायला दोन माणसं हवीत. आधी सांगितलं तर जमवतात, ऐनवेळी सांगितलं तर चिडतात. त्या ओळीत मामाजी एका टोकाला, उजव्या बाजूला भिंत किंवा घरचं कुणी. व्हिडिओवाल्याला तिकडे फिरकू द्यायचं नाही, हे काम नणंदबाईंकडे द्या. त्यांना ते छान जमेल.

लॉनवर संध्याकाळीसुद्धा एप्रिलअखेरची धग असते. दिवसभर बेचाळीस-त्रेचाळीस अंश तापलेली जमीन रात्री नऊपर्यंत थंड होत नाही. या आजारात उठताना रक्तदाब पडतो, भरपेट जेवल्यावरही पडतो, त्यात उष्मा. जेवून लगेच उठवून स्टेजवर आशीर्वादाला नेऊ नका. आशीर्वाद आधी, जेवण मग, आणि जेवल्यावर बसून राहू द्या.

आणि मामाजी तरीही "घरीच थांबतो" म्हणाले तर? तर त्यांना विचारा, लग्नाला यायचं नाही की लग्नात जेवायचं नाही. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि तुमच्या घरात त्यांची सरमिसळ झाली आहे असं मला वाटतं. घरून साडेपाचला पोटभर जेवून निघायचं, अक्षता टाकायच्या, नातीच्या डोक्यावर हात ठेवायचा, लॉनवर पाण्याचा घोटही घ्यायचा नाही आणि आठला परत. यात काय वावगं आहे? "दोन घास तरी घ्या, नाहीतर लग्न लागल्यासारखं वाटत नाही" असं म्हणणाऱ्यांना तुम्ही थोपवायचं. चारचौघांत न जेवण्याचा हक्क म्हाताऱ्या माणसालाही असतो. फक्त तो त्याने स्वतः बजावलेला असावा, आपण त्याच्यावर लादलेला नसावा.

माझ्या मनात आणखी एक आहे, पटलं तर करा. लग्नाआधी केळवणं होतील. एक केळवण मामाजींना करू द्या. घरात, दुपारी, त्यांची गोळी लागू असताना, नातीसाठी. बेत त्यांनी ठरवायचा. वडा-भात की पाटोडीचा रस्सा, जिलबी कुठल्या हलवायाची, किती आणायची, सगळं त्यांना विचारून. माणसं फार नकोत, आठ-दहा पुरेत, आणि मांडी घालून नको, टेबल-खुर्च्यांवर. वाढायला धाकट्याला उभं करा आणि मामाजींना त्याला शिकवू द्या. डावीकडे काय, उजवीकडे काय, मीठ कुठे, लिंबू कुठे, वरण वाढताना पळी किती कलती धरायची, जिलबी नको म्हणणाऱ्याच्या पानात ती कशी टाकायची. हात त्याचा, विद्या यांची. आणि सुरुवातीला "वदनि कवळ घेता" त्यांना म्हणू द्या. या आजारात आवाज बारीक होतो, पण पाठ असलेलं, लयीतलं मोठ्याने म्हणायला काहींना सोपं जातं. नाही चढला आवाज तर बाकीचे आहेत सोबत म्हणायला. त्यांचं काही सांडलं तर सांडू द्या. लगेच फडकं घेऊन धावू नका. जेवण संपल्यावर सगळ्यांचंच टेबल पुसायचं असतं.

आता शेवटचं पान, सुटल्यासारखं वाटण्याचं. त्याची लाज वाटून घेऊ नका. रोज दोन वेळा कुणाच्या तरी हाताकडे श्वास रोखून पाहत बसणं थकवतंच, मग ते माणूस कितीही आपलं असो. पण त्याच पानावर तुम्ही लिहिलंय, "मी तर सगळ्यांचं आटोपल्यावर ओट्यापाशीच जेवून घेते." म्हणजे तुमच्या घरात खोलीत एकटे जेवणारे मामाजी आणि ओट्यापाशी एकट्या जेवणाऱ्या तुम्ही, अशी दोन माणसं एकेकटी जेवतात. पत्र फक्त एकाबद्दल आलं. तुमचं ताट सगळ्यांच्या मागून लागतं हे घरात कुणालाच खटकलेलं नाही. बहुधा तुम्हालाही नाही.

एकटं जेवणारा माणूस कमी खातो, पटकन उरकतो, शिळं संपवतो. तेव्हा एक प्रयोग करून बघा. दुपारी नवरा ऑफिसात, पोरं बाहेर. त्या वेळी तुम्ही आणि मामाजी एकत्र जेवा. त्यांच्या खोलीत नको आणि ओट्यापाशीही नको, टेबलावर, दोघांची ताटं एकदम वाढून, टीव्ही बंद ठेवून. त्यांच्याकडे टक लावून बघू नका, आपलं जेवा. भरवायची वेळ आलीच तर आधी विचारा, आणि उभं राहून वरून घास देऊ नका, शेजारी बसून द्या. पहिले दोन-चार दिवस अवघड जातील. कुणीच फार बोलणार नाही. मग एखाद्या दिवशी ते महालातल्या कुठल्यातरी लग्नाची गोष्ट काढतील, आचारी पळून गेला होता की बुंदी कमी पडली होती, अशी काहीतरी. त्यांनी तोंडातला घास गिळला की मगच पुढे काय झालं ते विचारा.